बर्फातलं घर घ्यायचंय? आधी परमिट दाखवा

गेल्या अंकात परदेशातल्या सेकंड होमबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आली की हा सगळा कॉलम आल्प्समधल्या स्की गावांनाच देऊन टाकलाय. बहुतेक पत्रं स्वित्झर्लंडबद्दलची आहेत, एक फ्रान्सचं आहे. नावं छापत नाहीये, कारण निम्म्या पत्रांत बँक बॅलन्ससकट सगळं लिहिलंय.

प्रश्न (पुणे): ताई, गेल्या डिसेंबरात सगळं कुटुंब स्वित्झर्लंडमधल्या वर्बिएला जाऊन आलो, मुलं तर स्की सोडायलाच तयार नव्हती. बायको म्हणते दरवर्षी हॉटेलवाल्याची धन करण्यापेक्षा एक शॅले (डोंगरातलं लाकडी बंगलीवजा घर) घेऊनच टाकू. आम्ही चौघं, दोन मुलं शाळेत, सगळे भारतातच राहतो. एजंट म्हणतो सहज होईल. होईल का?

उत्तर: होईल, पण त्यातलं 'सहज' एजंटकडेच ठेवा. किंमत, व्ह्यू, लिफ्टपासून अंतर हे सगळं नंतर, आधी तुम्ही कायद्याच्या कुठल्या खान्यात बसता ते बघायचं. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला शेतजमीन घेता येत नाही, पैसे कितीही असोत, तसंच काहीसं तिकडे परदेशी माणसाचं आहे. लेक्स कोलर नावाचा १९८३ चा कायदा आहे, त्यानुसार बाहेर राहणाऱ्या परदेशी माणसाला राहतं घर म्हणून काही घेता येत नाही, फक्त हॉलिडे होम घेता येतं, तेही ठरावीक टुरिस्ट गावांमध्ये आणि परवानगी काढून. अख्ख्या देशात वर्षाला अशा १५०० परवानग्या, त्या कॅन्टनांमध्ये (म्हणजे तिथल्या राज्यांमध्ये) वाटलेल्या, आणि सगळ्यात मोठा वाटा व्हॅले कॅन्टनला मिळतो, वर्बिए त्यातच येतं हे तुमचं नशीब. घराचं राहण्याजोगं क्षेत्रफळ साधारण २०० चौरस मीटरच्या आत, म्हणजे एकवीस-बावीसशे स्क्वेअर फूट. नवरा-बायको आणि अज्ञान मुलं मिळून एकच घर. वर्षभर भाड्याने देऊन टाकता येत नाही, अधूनमधून दिलं तर चालतं. कंपनीच्या नावावर घेऊ म्हणाल तर तेही नाही.

हा झाला तिकडचा दरवाजा. खरी अडचण आपल्याच दारात आहे आणि एजंट ती कधीच सांगत नाही, कारण त्याला माहीतच नसते. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. अज्ञान मुलांचाही कोटा धरता येतो, सही पालकांची, म्हणजे चौघांचे मिळून दहा लाख डॉलर, अंदाजे आठ लाख फ्रँक. वर्बिएत चांगल्या जागी भाव चौरस मीटरला वीस हजार फ्रँकच्या आसपास किंवा वरच, म्हणजे आठ लाखांत झाले चाळीस चौरस मीटर. चारशे तीस स्क्वेअर फूट हो, आपल्या कोथरूडातला जुना वन बीएचके! मग लोक म्हणतात दरवर्षी थोडे थोडे पाठवून तिकडच्या खात्यात साठवू. तेही जमत नाही, कारण २०२२ पासून नियम आहे की पाठवलेला पैसा १८० दिवसांत वापरला नाही तर परत आणायचा. थोडी फट आहे ती ३१ मार्चची, काही रक्कम मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवली की दोन वर्षांचा कोटा सहा महिन्यांच्या आत वापरता येतो, आणि ज्यांचे असे व्यवहार होतात त्यांचे बहुतेक असेच होतात. तिकडच्या बँकेचं कर्ज काढून बाकी भागवू असा विचार असेल तर एलआरएसमध्ये ते बसत नाही, फेमा (आपला परकीय चलनाचा कायदा) कळणाऱ्या सीएला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नका.

वर टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवतानाच बँक कापून घेते तो टॅक्स. दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर २० टक्के, रिटर्न भरताना तो टॅक्समध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर तेवढे पैसे अडकलेच. आणि घर झालं की दरवर्षी इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दाखवायचं, विसरलात तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो, घर एक नंबरच्या पैशाने घेतलेलं असलं तरी. मुलांना स्कीच करायचं असेल तर माझं स्पष्ट मत, दर वर्षी दोन आठवडे चांगला फ्लॅट भाड्याने घ्या. हॉटेलपेक्षा स्वस्त पडेल आणि पोळी-भाजी घरची.

प्रश्न (बाझल): आम्ही दोघं फार्मा कंपनीत, इंडियन पासपोर्ट, बी परमिट (मुदतीचा स्विस रहिवासी परवाना). एका स्की गावातली जाहिरात बघितली, तीन बेडरूम, डोंगराचा व्ह्यू, आणि शेजारच्या तसल्याच फ्लॅटपेक्षा कितीतरी स्वस्त. यात काही गोम आहे का? वीकेंडला जायला म्हणून घ्यायचा विचार आहे.

उत्तर: गोम आहे आणि ती जाहिरातीतच शेवटच्या ओळीत असणार. फ्रेंच भागात 'रेझिदाँस प्रँसिपाल' किंवा जर्मन भागात 'एर्स्टवोनुंग' असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे हे घर फक्त तिथे कायम राहणाऱ्यासाठी. ही भानगड २०१२ ची. त्या वर्षी ११ मार्चला स्विस जनतेने मतदान करून ठरवलं की ज्या गावात सेकंड होम्स २० टक्क्यांच्या वर आहेत तिथे नवीन सेकंड होम बांधायचं नाही. फ्रांझ वेबर नावाच्या पर्यावरणवाद्याने हा प्रस्ताव आणला होता म्हणून त्याला लेक्स वेबर म्हणतात, जेमतेम ५०.६ टक्क्यांनी पास झाला, डोंगरातल्या कॅन्टनांनी कडाडून विरोध केला आणि शहरातल्या लोकांनी पास करून टाकला (त्यावरून गावच्या कॅफेत अजून वाद होतात). त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन तऱ्हेची घरं झालीत. त्या तारखेच्या आधी बांधलेली किंवा परवानगी मिळालेली जुनी घरं कशीही वापरता येतात, ती महाग. नंतरची बहुतेक घरं कायमच्या रहिवाशांसाठी, ती स्वस्त. तुम्ही बघितलेलं दुसऱ्या प्रकारातलं, लँड रजिस्टरमध्ये तशी नोंद असते, नोटरीकडून तो उतारा मागवून बघा.

तुमचं परमिट हा आणखी वेगळा विषय. युरोपियन पासपोर्टवाला बी परमिटवर तिथे राहत असेल तर त्याला मोकळं रान. इंडियन पासपोर्टवर बी परमिट असेल तर तुम्ही जिथे खरोखर राहता तिथे राहतं घर परवानगीशिवाय घेऊ शकता, पण हॉलिडे होमसाठी तुम्हीही पुण्याच्या त्या कुटुंबासारखेच कोट्याच्या रांगेत. सी परमिट, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळालं की सगळं सुटतं, आपल्या लोकांना ते साधारण दहा वर्षांनी मिळतं. तुमची किती राहिली ते मोजा, दोन-तीनच राहिली असतील तर थांबलेलं बरं. फक्त बातम्यांवर नजर ठेवा, २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने लेक्स कोलर आणखी कडक करायचा इरादा जाहीर केलाय आणि त्यात युरोपबाहेरच्या लोकांच्या राहत्या घरावरही डोळा आहे.

प्रश्न (नाशिक): आंडरमाट नावाच्या गावात परदेशी लोकांना कोटाबिटा काही नाही असं एका सेमिनारमध्ये ऐकलं. खरं का? की आपल्याला गंडवतायत?

उत्तर: हे चक्क खरं आहे. आंडरमाट म्हणजे उरी कॅन्टनमधलं, गॉटहार्ड खिंडीच्या पायथ्याचं १४४० मीटरच्या आसपासचं गाव, पिढ्यान् पिढ्या लष्कराच्या छावणीवर जगलेलं. लष्कराने हात आखडता घेतल्यावर गावाचं कसं व्हायचं हा प्रश्न होता, तेव्हा समीह सावीरिस हा इजिप्तचा उद्योगपती मोठा रिसॉर्टचा प्लॅन घेऊन आला आणि स्विस सरकारने त्या प्रोजेक्टला लेक्स कोलरमधून सूट दिली. म्हणून नाशिकला राहणारा माणूससुद्धा तिथला प्रोजेक्टमधला फ्लॅट कोट्याशिवाय घेऊ शकतो. द चेडी हे हॉटेल २०१३ च्या डिसेंबरमध्ये उघडलं, मग शेजारच्या सेड्रुनशी लिफ्टने जोडणी झाली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्हेल रिसॉर्ट्सने स्की कंपनीचा ५५ टक्के हिस्सा घेतला.

सूट आहे ती प्रोजेक्टपुरती, अख्ख्या गावाला नाही हे सेमिनारवाल्याने सांगितलं का? रॉइस नदीकाठी नवीन वसवलेला भाग वेगळा आणि लाकडी घरांची जुनी गल्ली वेगळी. आणि एलआरएसचं वर लिहिलेलं सगळं गणित तुम्हाला तसंच लागू.

जायचं यायचं बघा. झुरिकहून ट्रेनने दोन तासांच्या आसपास, शेवटी ग्योशेननला गाडी बदलून शोलेनन नावाच्या अरुंद घळीतून दातेरी रुळावरून छोटी ट्रेन वर चढते, सैतानाच्या पुलाजवळून जाते, तो रस्ता बघितला की तुम्ही फ्लॅट न बघताच सही कराल असा आहे. पण हिवाळ्यात फुर्का आणि ओबरआल्प या दोन्ही खिंडींचे रस्ते बंद असतात, आणि फार बर्फ झालं की घळीतला रस्ताही कधी कधी बंद करतात. ईस्टरला गाडीने निघालात तर गॉटहार्ड बोगद्याच्या तोंडाशी किलोमीटरच्या किलोमीटर रांग, आपला एक्स्प्रेसवेचा खंडाळा घाट बरा म्हणाल.

प्रश्न (ठाणे): मी निवृत्त, वय ६३, मुलगी झुरिकला. डोंगरात छोटं घर घेतलं तर वर्षातले सात-आठ महिने तिथे राहता येईल ना? घराच्या कागदांवर व्हिसा मिळतो असं भाचा म्हणाला.

उत्तर: भाच्याला म्हणावं, दुबईचं तिकडे लावू नकोस. स्वित्झर्लंडमध्ये घर घेतल्याने राहण्याचा एक दिवसही वाढत नाही. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९०, मग तुमचं तिथे घर असो की नसो. पंचावन्नच्या पुढच्या, काम न करणाऱ्या लोकांसाठी एक परमिट आहे, पण त्यात पुरेसा पैसा आणि स्वित्झर्लंडशी तुमचं स्वतःचं खास नातं दाखवावं लागतं, मुलगी तिथे आहे एवढ्यावर भागेलच असं नाही. काका, तुम्ही मुलीकडे राहा आणि तीन महिने मनसोक्त ट्रेनने फिरा.

प्रश्न (दुबई): आम्हाला कूर्शवेल आवडलं. फ्रान्समध्ये हे कोट्याचं लचांड आहे का?

उत्तर: नाहीये. फ्रान्समध्ये कोणीही घर घेऊ शकतं, आणि तुम्ही एनआरआय, दुबईच्या कमाईतून घेणार, तर एलआरएसचा प्रश्नही येत नाही. जुन्या घरावर नोटरीचा खर्च आणि टॅक्स मिळून सात-आठ टक्के धरा, नव्यावर दोन-तीन. करारावर सही केल्यावर दहा दिवसांत विचार बदलला तर दंड न भरता माघार घेता येते, ही सोय मला फार आवडते. राहत्या घरावरचा ताक्स दाबितासियाँ त्यांनी २०२३ पासून काढून टाकला पण सेकंड होमवर ठेवलाय, काही गावं त्यावर ६० टक्क्यांपर्यंत जादा लावतात. फ्रान्समधली तुमची मालमत्ता तेरा लाख युरोच्या वर गेली तर संपत्ती कर. भाड्याने द्यायचं असेल तर घराची एनर्जी रेटिंग आधी बघा, सगळ्यात खालच्या जी वर्गातलं घर २०२५ पासून नव्याने भाडेकरूला राहायला देता येत नाही, आणि सत्तरच्या दशकातल्या स्की बिल्डिंगा म्हणजे भिंती कागदासारख्या आणि हीटर विजेचे, त्या या वर्गाच्या जवळच घुटमळतात.

प्रश्न (झुरिक): नवऱ्याची नोकरी पूर्ण रिमोट झाली, दोघांचं सी परमिट आहे, मुलगी सहा वर्षांची. शहर सोडून वर्बिएच्या बाजूला कायमचं राहायला जायचं मनात आहे. सगळे म्हणतात वेडी आहेस. तिथे बाराही महिने राहणं कसं असतं, खरं सांगा.

उत्तर: या सगळ्या पत्रांत घर घ्यायला सगळ्यात योग्य तुम्हीच आहात, कारण बाझलच्या जोडप्याला जी ओळ नडली ती तुमच्या फायद्याची आहे. कायमच्या रहिवाशांची घरं स्वस्त, बँकही राहत्या घराला २० टक्के स्वतःचे मागते, सुट्टीच्या घराला त्याहून बरेच जास्त. घरमालकाला स्वतःच्या घराचं काल्पनिक भाडं उत्पन्नात धरून टॅक्स लावायची ती विचित्र पद्धत २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लोकांनी मतदानाने मोडीत काढली, पण ती लगेच जात नाहीये, त्यामुळे जुनं घर घेऊन दुरुस्ती करणार असाल तर वजावटी मिळतायत तोवर करून घ्या.

आता राहण्याचं. लोक हिवाळ्यातलं वर्बिए बघतात, तुम्ही मे महिन्यात जा. ईस्टर झालं, लिफ्ट थांबल्या, की गाव मिटून जातं. निम्म्याहून जास्त खिडक्यांची शटर बंद, रेस्टॉरंटच्या दारावर 'जूनमध्ये भेटू'ची चिठ्ठी, बर्फ वितळून चिखल, वरून पाऊस. तिकडे अशा रिकाम्या घरांना 'थंड पलंग' म्हणतात आणि गावकऱ्यांना त्याचा मनापासून राग आहे. जुलैत वर्बिए फेस्टिव्हल असतो, १९९४ पासून, जगातले मोठे मोठे पियानोवाले व्हायोलिनवाले येतात, तेव्हा पुन्हा जीव येतो. मग ऑक्टोबर-नोव्हेंबर परत सामसूम. हे दोन मोसम तुम्हाला झेपले तर बाकी सगळं झेपेल.

त्यापेक्षा खालच्या ल शाब्लमध्ये घर बघा. ट्रेन तिथपर्यंत येते, तिथून केबल कार सरळ वर्बिएला, आणि तिथे बारा महिने माणसं राहतात, कारण वर हॉटेलात, दुकानात काम करणाऱ्यांना वरचं भाडं परवडत नाही म्हणून ती खाली नाहीतर पार मार्टिन्यीपर्यंत राहतात. मुलीला सरकारी शाळा फुकट, पण फ्रेंचमध्ये. झुरिकची जर्मन तिथे कामाची नाही. सहाव्या वर्षी मुलं भाषा भराभर उचलतात, वेळ लागेल तो तुम्हाला, पालकसभेत.

स्वयंपाकाचं विचारलं नाहीत पण सांगते. पंधराशे मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, कुकर न्याच, एक जादा रिंगसुद्धा न्या. नव्या फ्लॅटांत ओपन किचन आणि वरची चिमणी हवा बाहेर न टाकता फिल्टर करून परत आत सोडणारी, त्यात हिंग-मोहरीची फोडणी दिली की सोफ्याला दोन दिवस वास, तेव्हा फ्लॅट बघताना चिमणीचा पाइप बाहेर जातो का ते विचारा, एजंट हसेल, हसू दे. आणि घरात कोणी कडक शाकाहारी असेल तर त्यांना कानात सांगा की व्हॅलेच्या पारंपरिक राक्लेत चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला वापरतात ते वासराच्या पोटातलं द्रव्य, असतं. कचऱ्याची पिशवी टॅक्स भरलेलीच वापरायची, रविवारी ड्रिल चालवायचं नाही, रात्री बर्फ पडलं तर सकाळी शाळेआधी दारातलं तुम्हीच काढायचं. झुरिकला राहिलाय म्हणजे यातलं निम्मं माहीत असेलच.

प्रश्न (मुंबई): ब्लाटेन गाव गाडलं गेल्याचा व्हिडिओ बघितल्यापासून झोप उडालीये, भावाने तिथल्याच कॅन्टनमध्ये घर घेतलंय. सगळीकडेच असा धोका आहे का?

उत्तर: सगळीकडे नाही, पण घर घेताना हा प्रश्न पहिल्या दहात असायला हवा आणि बहुतेकांच्या यादीत तो नसतोच. २८ मे २०२५ ला बिर्च ग्लेशियर कोसळून लोत्शेन खोऱ्यातलं ब्लाटेन जवळजवळ सगळं गाडलं गेलं. डोंगर हलतोय हे लक्षात आल्यामुळे तीनशेच्या आसपास गावकऱ्यांना नऊ दिवस आधीच हलवलं होतं म्हणून माणसं वाचली, तरी एकाचा जीव गेलाच. घरं मात्र गेली.

प्रत्येक गावाचा धोक्याचा नकाशा असतो, लाल, निळा, पिवळा असे पट्टे, हिमस्खलन, दरड, पूर यांचे वेगवेगळे. लालमध्ये नवीन बांधकाम होत नाही, निळ्यात अटींवर होतं, म्हणजे भिंत जाड, डोंगराकडच्या बाजूला खिडकी नाही वगैरे. भावाला म्हणावं गावच्या ऑफिसात जाऊन स्वतःच्या प्लॉटवर बोट ठेवून विचार. नकाशा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. फ्रान्समध्ये शामोनीजवळ मोंरोकला ९ फेब्रुवारी १९९९ ला हिमस्खलनात बारा माणसं गेली, तिथे घरं बांधायला रीतसर परवानगी होती. हिवाळ्यात दावोसच्या एसएलएफ या हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं बुलेटिन येतं, एक ते पाच अशा धोक्याच्या पायऱ्या, चार-पाच असेल तेव्हा घरातच बसायचं.

विम्याचं लगेच बघा. बहुतेक कॅन्टनांमध्ये इमारतीचा विमा सक्तीचा आहे, पण व्हॅलेत नाही! बँकेचं कर्ज असेल तर बँक घ्यायला लावते, रोख घेतलं असेल तर आपण होऊन घ्यायचा, आणि त्यात हिमस्खलन, दरड या नैसर्गिक आपत्ती आहेत ना ते वाचून घ्यायचं.

प्रश्न (पिंपरी, हल्ली लोझान): परवानगी, पैसा सगळं जमलंय. स्वतंत्र शॅले घ्यावं की फ्लॅट?

उत्तर: वर्षातले दोन-तीन महिनेच जाणार असाल तर फ्लॅट, डोळे मिटून. शॅलेच्या छपरावरचं बर्फ, गोठलेला पाइप, चिमणी साफ करणारा, रस्त्यापासून दारापर्यंतचा बर्फ काढायचा ठेका, सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर. फ्लॅटमध्ये ते सोसायटी बघते, वर्षातून एक मीटिंग असते आणि ती अगदी आपल्याकडच्यासारखीच तीन तास पार्किंगवर चालते. सही करायच्या आधी मागच्या तीन-चार वर्षांचे मीटिंगचे मिनिट्स मागून घ्या आणि दुरुस्ती फंडात किती शिल्लक आहे ते बघा. लिफ्ट बदलायची चर्चा तीन वर्षं चालू आहे आणि फंडात खडखडाट आहे असं दिसलं तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा, आणि मालक तयार नसेल तर पुढचा फ्लॅट बघा.